सुरांची खतावणी

चवथीच्या आधी चार दिवस आमच्या तारकर्लीच्या घरात माणसं जमायला सुरुवात होते. यंदा मुंबईकरांबरोबर टोरँटोहून माझ्या भावाची नातही आली. वय वर्षं एकोणीस, पाठीवर लॅपटॉप, हातात गिटारची पेटी. घरातले पुरुष माटवीला नारळ, कवंडळं, सुपारीचे घड आणि आंब्याचे टाळ बांधण्यात गुंतले होते, बायका करंज्यांच्या सारणात. ही मुलगी पडवीत बसून संगणकाच्या पडद्यावर सहा आडव्या रेघा आणि त्यांवर बारीक रोमन अक्षरं मांडत होती. मी जवळ जाऊन पाहिलं. गाणं लिहितेय म्हणाली.

ल्यूट हे युरोपातलं जुनं तंतुवाद्य, अरबी ऊदचा वंशज. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी तिथल्या घरांत ते आपल्या सतारीसारखं मानाने नांदत होतं. त्याचं संगीत लिहायची एक वेगळीच तऱ्हा होती, तिला टॅब्लेचर म्हणतात. सहा रेघा म्हणजे तारांच्या सहा जोड्या आणि रेघेवरचं अक्षर किंवा आकडा म्हणजे कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचं ते. फ्रेंच लोक अक्षरं वापरत, इटालियन आकडे. १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची नावाच्या मुद्रकाने स्पिनाचिनो या वादकाचं असं पुस्तक छापलंसुद्धा. ती पानं आज संगणकात भरण्याची सोय आहे आणि आमच्या नातीला दोन वर्षांपासून तो नाद लागला आहे.

बोलता बोलता तिने विचारलं की आपल्या घरात कोणी असं काही लिहून ठेवलंय का. मी माजघरातली लोखंडी ट्रंक उघडली आणि माझ्या आत्याची वही काढली. आत्या गिरगावात राहायची आणि लग्नाआधी सतार शिकायची. वहीत चौदा गती आहेत, मागच्या पानांवर दुधाचा हिशेब आणि मालवणी मसाल्याचं प्रमाण. मसाल्याच्या धण्या-मिरच्या तोळ्यामाशात लिहिल्या आहेत. किती भाजायचं त्यापुढे मात्र नुसतं खरपूस एवढंच आहे.

नातीने पहिलीच गत भरायला घेतली. यमन, विलंबित तीनताल. आणि दुसऱ्या ओळीत अडली. पंचमाखाली एक ठिपका होता. ठिपका असेल तर तो खालच्या सप्तकातला, मंद्र पंचम. पण वहीला कसर लागलेली, जागोजागी तसेच तपकिरी डाग. तो शाईचा ठिपका की किड्याची करणी, ते काही कळेना. संगणकाला असलं चालत नाही, त्याला एक काय ते सांगावं लागतं.

मग तिने विचारलं की ही लिपी केली कोणी. मी विष्णु नारायण भातखंडे हे नाव सांगितलं. तिने ते कधी ऐकलं नव्हतं. तिला दोष कशाला द्या, आपल्यातल्याही पुष्कळांना ते नाव शाळेच्या किंवा परीक्षेच्या पाटीवरच भेटलेलं असतं. योगायोग असा की तिथीने त्यांची पुण्यतिथी गणेश चतुर्थीचीच. तेव्हा तिला त्या संध्याकाळी जे सांगितलं तेच आज इथे सांगते.

भातखंडे जन्मले १० ऑगस्ट १८६० रोजी, मुंबईत वाळकेश्वरला. तो दिवस गोकुळाष्टमीचा. वडील एका धनिकाकडे नोकरीला. घर गवयाचं नव्हतं, पण मुलांच्या कानांवर गाणं पडावं अशी वडिलांची इच्छा होती. पंधरा वर्षांचे झाल्यावर त्यांनी सतार हातात घेतली. हे मला महत्त्वाचं वाटतं. गळ्यातला सूर दिसत नाही. सतारीवर मात्र प्रत्येक सुराला एक जागा असते, पडदा असतो, बोट ठेवलं की तो सूर डोळ्यांना दिसतो. पुढे ज्या माणसाने सबंध हिंदुस्थानी संगीताला कागदावर जागा नेमून दिल्या, त्याची सुरुवात पडद्यांच्या वाद्यावर झाली होती.

शिक्षण रीतसर चाललं होतं. १८८५ साली बी.ए., १८८७ साली एलएल.बी. काही काळ कराचीत आणि मग मुंबईत वकिली. दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी गायन उत्तेजक मंडळी. ही मंडळी १८७० साली कैखुश्रू काबराजी या पारशी गृहस्थांनी काढलेली. शिकल्या-सवरल्या, अब्रूदार घरच्या लोकांनी गाणं ऐकावं, शिकावं यासाठी. गाणं म्हणजे कोठा किंवा दरबार, तिसरी जागा नाही, अशा काळात हे धाडसच होतं. भातखंडे १८८४ मध्ये तिथे दाखल झाले आणि रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपद, अली हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल असं शिकत गेले. त्याबरोबर संस्कृतातले जुने संगीतग्रंथ वाचायला लागले.

इथे त्यांच्यातला वकील जागा झाला. ग्रंथांत रागांची जी वर्णनं होती ती समोरचा खाँसाहेब गात होता त्याच्याशी जुळेनात. खाँसाहेबांना विचारावं तर ते वडिलांकडे बोट दाखवणार, शास्त्रीबुवांना विचारावं तर ते पोथीकडे. एक बाजू कागद दाखवते आणि दुसरी ताबा. जमिनीच्या दाव्यात जसं असतं तसं. अशा दाव्यात वकील काय करतो? गावोगाव फिरून साक्षी गोळा करतो.

पण त्या फिरण्याआधी त्यांच्या घरावर घाव पडले. १९०० साली पत्नी गेली, १९०३ साली मुलगी गेली. वय त्रेचाळीस. मागे वळून पाहावं असं घरात कोणी राहिलं नाही. वकिली मागे पडत गेली आणि प्रवास सुरू झाला.

१९०४ साली ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा करत एट्टयपुरमला पोचले. तिथे सुब्बराम दीक्षित हे वृद्ध पंडित होते. मुथुस्वामी दीक्षितांच्या घराण्यातले, आणि त्याच वर्षी त्यांचा दाक्षिणात्य कृतींचा स्वरलिपीसह मोठा ग्रंथ छापून निघाला होता. दक्षिणेत व्यंकटमखीच्या सतराव्या शतकातल्या ग्रंथाचीही त्यांना ओळख झाली. त्यात बहात्तर मेळ होते, म्हणजे सुरांच्या बहात्तर मांडण्या, एकीत एक न मिसळणाऱ्या, कपाटातल्या कप्प्यांसारख्या. दक्षिणेकडे हिशेब लावलेला आहे आणि उत्तरेकडे सगळं विस्कटलेलं, हे त्यांना तिथे फार जाणवलं असावं. कारण पुढची सारी खटपट त्याच दिशेने झाली.

१९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयनगरम, कलकत्ता. तिथे राजा सौरींद्रमोहन टागोर यांची भेट. १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदयपूर. गाडीचा प्रवास, परगावचं पाणी, ओळखीची चिठ्ठी घेऊन कोणाच्या तरी दारात ताटकळणं. ज्याला भेटायचं त्याची मर्जी असेल तर दोन चिजा मिळणार, नसेल तर पानसुपारी.

उस्ताद मंडळी चीज द्यायला राजी नसत, यावरून त्यांना नावं ठेवायची आपल्याकडे सवय आहे. मी बँकेत तीस वर्षं काढली, मला त्यात काही विशेष वाटत नाही. ज्यांच्याकडे ना जमीन ना ठेवी, त्यांची इस्टेट ती एवढीच. मुलीच्या लग्नात बंदिशी आंदण दिल्याच्या गोष्टी सांगतात त्या यातूनच आल्या. आणि आज दारात आलेला हा मुंबईचा वकील उद्या तीच इस्टेट छापून आठ-बारा आण्यांना विकणार असेल, तर तिजोरीची किल्ली कोण काढून देईल?

तरी लोकांनी दिलं. जयपूरच्या महंमद अली खाँ यांच्या घरातून त्यांना शेकडो बंदिशी मिळाल्या आणि त्यांतल्या काही त्यांनी त्या काळच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यांवर, ध्वनिमुद्रितही केल्या. रामपूरच्या दरबारात वजीर खाँ यांच्यासारखे तानसेनाच्या परंपरेचे मोठे बीनकार होते आणि नवाब हमीद अली खाँ स्वतः जाणकार. तिथे भातखंडे शागीर्द होऊन बसले. ग्वाल्हेरच्या चिजा एकनाथ पंडितांकडून आल्या. मेणाची नळकांडी वाजवून वाजवून झिजतात. कागद वाचून झिजत नाही. त्यांनी शेवटी भरवसा ठेवला तो कागदावर.

आता ती लिपी. समोर माणूस गातोय, तो थांबणार नाही, पुन्हा म्हणा म्हटलं तर म्हणेलच असं नाही आणि म्हणालाच तर तसंच म्हणेल असंही नाही. अशा वेळी लिहायचं म्हणजे खुणा कमी हव्यात. भातखंड्यांनी सा, रे, ग, म ही आपली अक्षरंच ठेवली. शुद्ध सुराला काही खूण नाही. कोमल असेल तर अक्षराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या सप्तकाला खाली ठिपका, वरच्याला वर ठिपका. समेवर फुली, कालावर शून्य, टाळ्यांना आकडे. एका मात्रेत दोन-चार सूर आले तर त्यांच्याखाली कंस, मींड असेल तर वरून कमान. झालं. साधा खिळे जुळवणारा छापखाना हे छापू शकत होता आणि साधी शाळकरी मुलगी हे वाचू शकत होती.

असे प्रयत्न आधी झाले नव्हते असं नाही. बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी आणि सौरींद्रमोहन यांनी एक लिपी केली होती, बडोद्यात मौलाबक्षांनी एक. खुद्द विष्णु दिगंबर पलुसकरांनी, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांनी अधिक बारकाव्याची लिपी केली होती. तीत मात्रेच्या भागांना वेगवेगळ्या खुणा होत्या. दोन विष्णूंच्या लिप्यांत डावंउजवं करण्याचं इथे कारण नाही. भातखंड्यांची हाताला लवकर बसते म्हणून ती घराघरांत पसरली, आमच्या आत्याच्या वहीपर्यंत आली.

नातीला खरी अडचण वेगळीच होती, ती मला हळूहळू कळली. तिच्या टॅब्लेचरमध्ये बोट कुठे ठेवायचं ते लिहिलेलं असतं, सूर कोणता निघेल ते वाद्य पाहून घेईल. युरोपच्या पाच रेघांच्या लिपीत सुराची नेमकी उंची लिहिलेली असते, बोटांचं तुम्ही बघा. आत्याच्या वहीत यातलं काहीच नव्हतं. तिथे षड्जापासूनचं अंतर लिहिलं होतं. षड्ज कुठला, पांढरी एक की काळी दोन, ते वही सांगत नाही, कारण त्याने काही बिघडत नाही. आणि सुरांच्या खाली दिर, दा, रा हे नखीचे बोल, म्हणजे उजव्या हाताने काय करायचं ते. संगणक मात्र पहिल्यांदा हेच विचारत होता की सा म्हणजे कोणता सूर. आम्ही एक ठरवून दिला आणि पुढे गेलो.

पुढे दुसरा पेच. ही मसीतखानी गत. तिचे बोल बाराव्या मात्रेपासून उठतात. दिर दा दिर दा रा, आणि मग सम. संगणकाच्या मते संगीत पहिल्या मात्रेपासून सुरू होतं. आधीच्या पाच मात्रा त्याने उंबऱ्याबाहेरच्या पाहुण्यासारख्या एका अपुऱ्या खणात बसवल्या. वाजवून दाखवलं तेव्हा मात्र समेवर बरोबर आला. गंमत म्हणजे संगणकाच्या १२८ वाद्यांच्या ठरीव यादीत सतार आहे, १०५ क्रमांकावर. ल्यूट नाही. नातीला याचं थोडं वाईट वाटलं.

देवनागरीतच भरून पाहू म्हटलं तर आणखी एक मौज दिसली. देवनागरीच्या संगणकीय चिन्हांत वेदमंत्रांच्या स्वरांसाठी दोन खुणा ठेवलेल्या आहेत. अक्षराखाली आडवी रेघ आणि अक्षरावर उभी रेघ. भातखंड्यांचे कोमल आणि तीव्र त्यांतच भागतात. वरच्या ठिपक्याला अनुस्वार चालतो, खालच्याला नुक्ता. वैदिकांसाठी केलेली सोय कोठीवरच्या चिजांना उपयोगी पडावी, याचं आश्चर्य भातखंड्यांना वाटलं नसतं. त्यांनी आयुष्यभर या दोन लोकांना एका पंगतीला बसवायचा प्रयत्न केला.

त्या प्रयत्नांतून ग्रंथ आले. १९१० च्या सुमारास संस्कृतात श्रीमल्लक्ष्यसंगीतम्, तेही चतुर पंडित या टोपणनावाने. मग मराठीत हिंदुस्थानी संगीत पद्धती, चार जाडजूड भाग, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. शेवटचा भाग १९३२ मध्ये निघाला. आणि आपल्या सगळ्यांच्या ओळखीची क्रमिक पुस्तक मालिका, सहा भाग, अठराशेच्या आसपास बंदिशी. शेवटचे भाग त्यांच्या निधनानंतर छापले गेले. सारे राग त्यांनी दहा थाटांत बसवले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. आज गाण्याच्या पहिल्या परीक्षेला बसणारा मुलगा ही दहा नावं पाढ्यांसारखी म्हणतो. हाथरसच्या संगीत कार्यालयाने या ग्रंथांचे हिंदी अनुवाद काढले आणि उत्तर हिंदुस्थानातल्या संगीतशाळांत हा मराठी माणसाचा व्यासंग हिंदीतून पोचला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. एका मंडपात शास्त्री, उस्ताद आणि इंग्रज अधिकारी. श्रुती किती आणि कोणत्या, यावर देवल आणि क्लेमंट्स यांच्या मांडणीवरून चांगलीच खडाजंगी झाली. पुढे दिल्ली, बनारस आणि दोनदा लखनौ, अशा मिळून पाच परिषदा झाल्या. १९१८ साली ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या मदतीने संगीत महाविद्यालय निघालं, १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज. आपल्या हातांनी घडवलेले श्रीकृष्ण रातंजनकर त्यांनी तिथे धाडले. त्यांना त्याआधी बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडे शिकायलाही ठेवलं होतं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. लिपीवर एवढा विश्वास असलेल्या माणसाने आपला सर्वांत लाडका शिष्य पुस्तकावर वाढवला नाही. १९६६ साली मॅरिस कॉलेजला भातखंड्यांचं नाव मिळालं. आज ते विद्यापीठ आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख पुण्यतिथीचं भाषण होईल. थाटांच्या दहा कप्प्यांत सगळे राग बसत नाहीत. दोन मध्यमांचा आणि पंचम नसलेला ललित त्यांनी मारव्यात घातला, आणि तो तिथे भाड्याच्या खोलीत राहिल्यासारखा राहतो. दरबारीचा गंधार ज्याने ऐकलाय त्याला माहीत आहे की तो सूर एका जागी उभा राहत नाही, हेलकावतो. लिपीत तो असतो ग आणि खाली एक रेघ. मसाला खरपूस भाजावा, तसंच हे. ज्याने एकदा वास घेतलाय त्यालाच कळतं.

याहून एक गोष्ट मला अधिक टोचते. शास्त्र न जाणणाऱ्या गवयांविषयी भातखंडे कडक बोलत आणि लिहीत. त्यांतले बहुतेक मुसलमान उस्ताद होते आणि अलीकडच्या अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवलं आहे, ते योग्यच आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात राखलं त्यांच्याकडूनच घ्यायचं आणि त्यांनाच अडाणी म्हणायचं, हे न्यायाचं नाही. क्रमिक पुस्तकांत चिजांची रांगच्या रांग आहे, पण कोणती कोणाच्या मुखातून आली याची नोंद प्रत्येक चिजेखाली सापडत नाही. खातेवहीत रक्कम आहे, भरणाऱ्याचं नाव नाही, असं माझ्या शाखेत आढळलं असतं तर मी संध्याकाळी कोणाला घरी जाऊ दिलं नसतं.

आणि तरीही. त्यांनी हे लिहिलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार केला की हात थबकतो. संस्थानं गेली, दरबार गेले, कितीतरी घराण्यांत पुढची पिढी गायली नाही. ज्यांच्या तिजोऱ्या शेवटपर्यंत बंद राहिल्या त्यांच्या चिजा त्यांच्याबरोबर गेल्या. ज्यांनी कुरकुरत का होईना दार उघडलं, त्यांच्या आज कोणीही उघडून गाऊ शकतो, चांगल्या किंवा वाईट. उस्तादांचं नुकसान खरं होतं आणि आपला लाभही खरा आहे. ही दोन्ही कलमं एकाच पानावर लिहावी लागतात, एकाने दुसरं खोडता येत नाही.

१९३३ साली भातखंड्यांना पक्षाघात झाला. तीन वर्षं अंथरुणावर गेली. ज्याने हजारो मैल पायाखाली घातले तो माणूस मुंबईच्या एका खोलीत पडून राहिला आणि मालिकेचे उरलेले भाग छापून झालेले पाहायला त्याला मिळाले नाहीत. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते गेले. घरोघर गणपती बसले होते, त्या दिवशी. १९६१ साली सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

राहिला तो ठिपका.

नातीने गिटारच्या सवयीने बोटांचा विचार केला. माळ्यावर आत्याची सतार आहे, तारा गंजलेल्या, पण पडदे शाबूत. तिने बोट ठेवून पाहिलं. पंचम मध्य सप्तकातला असेल तर पुढचा रिषभ जवळ आहे, मंद्र असेल तर हात पार वर खुंट्यांकडे न्यावा लागतो आणि परत आणावा लागतो. पण लय विलंबित, वेळ पुष्कळ, तेव्हा दोन्ही शक्य. बोटांनी निकाल दिला नाही. मग मी रागाचा आधार घेतला. यमनात पंचमावरून रिषभावर येणं हे नेहमीचं, गळ्यातलं. म्हणजे मध्यच असावा, ठिपका कसरीचा. पण आत्याने मुद्दाम खाली जाऊन यायचं ठरवलं असेल तर? तिच्या गुरुजींची तीच खासियत असेल तर? विचारायला दोघंही नाहीत.

दोन उस्ताद एकच चीज दोन तऱ्हेने गात तेव्हा भातखंड्यांपुढे हाच प्रश्न येत असणार, आणि तोही रोज. आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी मतभेद सविस्तर नोंदवले आहेत. अमुक लोक असं मानतात, तमुक तसं, रूढ हे आहे. पण शिकणाऱ्या मुलाच्या हातात द्यायच्या पुस्तकात त्यांना एकच काहीतरी छापावं लागलं. जे छापलं ते खरं ठरलं आणि जे राहिलं ते चुकीचं ठरू लागलं. त्यांच्या मनात तसं नव्हतं, पण छापील अक्षराचा स्वभावच तो.

बँकेत असताना, एखाद्या रकमेचा मेळ लागला नाही तर ती कोणाच्याही नावावर ढकलायची नाही, असा दंडक होता. तिला उचंत खात्यात ठेवायचं. उचंत खातं म्हणजे तात्पुरतं घर. मालक सापडेपर्यंत रक्कम तिथे राहते आणि दर महिन्याला कोणीतरी तिच्याकडे पाहतं, म्हणून ती विसरली जात नाही. शाखा संगणकावर गेल्या तेव्हा रात्री जागून आम्ही खातेवह्या उतरवल्या. त्या वेळी मोह एकच असायचा, उचंतातली जुनी कलमं गुपचूप कुठेतरी जिरवून टाकायची. पडदा स्वच्छ दिसतो. पण मग तो पैसा कोणाचा होता हे कायमचं पुसलं जातं.

नातीला मी तेच सांगितलं. तिने पंचम मध्य सप्तकात भरला, त्यावर तारेची खूण केली आणि खाली मराठीत, तिच्या वळणदार पण थोड्या अडखळत्या अक्षरजुळणीत, टीप लिहिली की मूळ वहीत या सुराखाली एक ठिपका आहे, तो शाईचा की कसरीचा हे ठरत नाही. पहिल्या पानावर आत्याचं नाव घातलं. आत्याचे गुरुजी कोण होते ते वहीत कुठेच नाही. मी मुंबईला दोघा-तिघा वयस्क नातेवाइकांना फोन केले. एकीला त्यांचं फक्त आडनाव आठवलं, तेही खात्रीने नाही. ते आम्ही टिपेतच ठेवलं.

चवथीच्या रात्री वाडीतली भजनी मंडळी आली. पेटी, पखवाज, झांजा. बुवांच्या वहीत फक्त शब्द असतात, चाल त्यांच्या गळ्यात. पहिला अभंग त्यांनी लावला तो यमनाच्या अंगाचा. मधल्या विश्रांतीत, चहा-उसळ होईपर्यंत, नातीने त्यांना संगणकावरची गत ऐकवली. बुवा मान एका बाजूला करून ऐकत राहिले. मग त्या संशयाच्या जागेवर आल्यावर त्यांनी ती ओळ स्वतः गुणगुणली, एकदा पंचम वर ठेवून, एकदा खाली नेऊन. दोन्ही वेळा समेवर आले. पखवाजवाल्याने नकळत ठेका धरला.

नातीने फोन पुढे करून ते दोन्ही रेकॉर्ड केलं आणि टिपेखाली जोडून ठेवलं. या वेळी मात्र बुवांचं नाव, गाव आणि तारीख लिहायला मी तिला विसरू दिलं नाही.